एड्स-निवारणाची राष्ट्रीय योजना व तिचा जमाखर्च

सांथीच्या रोगाचें नांव निघालें कीं महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांत अजूनहि प्लेगच्या गोष्टी निघतात. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत तो रोग उघडकीस आला. १८९७ सालीं सरकारनें सांथीच्या रोगांसंबंधीं कायदा केला. आणि त्यानंतर पुण्यांत घरोघर जी झडती झाली तिचा परिणाम काय झाला हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. राज्यकर्त्यांपाशीं त्या वेळीं औषध नव्हतें. होते ते कायदा व शिपाई. पुढें नव्वद वर्षांनीं दुसरा एक असाध्य रोग या देशांत शिरला, त्या वेळीं राज्य स्वकीयांचें होतें, विज्ञान पुष्कळ पुढें गेलें होतें. तरीहि आरंभ पुन्हां कायदा व शिपाई यांपासूनच झाला. त्या आरंभापासून निघून भारतानें एड्सच्या निवारणाची जी राष्ट्रीय योजना उभारली, तिचा इतिहास पुष्कळ अंशीं दोन आंकड्यांचा इतिहास आहे : रुग्ण किती, आणि औषधाची किंमत किती. हे दोन्ही आंकडे प्रथम अवाच्या सवा होते. कालांतरानें दोन्ही उतरले. ते उतरेपर्यंत जीं माणसें गेलीं, तीं गेलीं.

अमेरिकेंत या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९८१ च्या जूनमध्यें झाली. आपल्याकडे तो यावयाचा नाहीं, येथील कुटुंबव्यवस्था व नीतिकल्पना यांपुढें त्याचें कांहीं चालणार नाहीं, असा समज त्या काळीं चांगल्या सुशिक्षितांतहि रूढ होता. १९८६ सालीं मद्रास येथील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन् निर्मला यांनीं देहविक्रयावर पोट भरणाऱ्या कांहीं स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. मद्रासमध्यें तपासणीची सोय नव्हती, म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत नेऊन तपासावे लागले. त्यांपैकीं सहा नमुन्यांत एच्. आय्. व्ही. या विषाणूचा पुरावा सांपडला, आणि नीतिकल्पनेचा तट एका दिवसांत ढांसळला. दुसऱ्याच वर्षीं, १९८७ सालीं, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम जाहीर झाला. रक्ताची तपासणी, ठिकठिकाणीं नमुना-पाहणी व लोकशिक्षण एवढेंच त्याचें स्वरूप होतें. त्याच्यामागें पैसा बेताचा होता, आणि निश्चित धोरण त्याहूनहि बेताचें.

धोरण नसलें कीं भीति त्याची जागा घेते. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत त्या वेळीं असें कलम होतें कीं, ज्याच्या रक्तांत हा विषाणु आढळेल त्यास सरकारनें अलग ठेवावें. डॉमिनिक डिसूझा हे तरुण गृहस्थ नेमानें रक्तदान करीत. त्यांनीं दिलेल्या रक्तांतच विषाणूचा पत्ता लागला. १९८९ च्या फेब्रुवारींत पोलिसांनीं त्यांस ताब्यांत घेतलें, आणि म्हापसा येथें क्षयरोग्यांसाठीं बांधलेल्या, पण वापरांत नसलेल्या इमारतींत त्यांस ६४ दिवस कोंडून ठेवण्यांत आलें. त्यांच्या मातोश्रींनीं मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठाकडे दाद मागितली. डिसूझा सुटले, परंतु न्यायालयानें तें कलम मुळांतून रद्द केलें नाहीं. समाजाच्या हितासाठीं व्यक्तीचें स्वातंत्र्य आंकुंचित करतां येतें, अशीच त्या निकालाची भूमिका होती. त्याच वर्षीं संसदेंतहि सक्तीवर भर देणारें एक विधेयक मांडण्यांत आलें. तें पुढें मागें घेतलें गेलें. या प्रकारांत दुष्टपणा होता असें म्हणतां येणार नाहीं. पण हिशेब मात्र साफ चुकलेला होता. जो आपण होऊन रक्त द्यावयास गेला तोच कोंडला जातो हें पाहिल्यावर दुसरा कोण आपलें रक्त तपासून घेईल? हा विषाणु शरीरांत शिरल्यावर बहुधा कित्येक वर्षें बाह्य लक्षण दिसत नाहीं. अशा रोगांत माणूस स्वतःच्या पायांनीं दवाखान्यांत आला नाहीं तर त्याला शोधून काढणारा शिपाई जगांत कोठेंहि नाहीं. डिसूझा यांनीं पुढें आपले उरलेले दिवस अशाच रुग्णांच्या हक्कांसाठीं वेंचले. १९९२ सालीं ते निवर्तले.

त्याच १९९२ सालीं योजनेला खरें बळ आलें, आणि तें कर्जाऊ होतें. आदल्या वर्षींच परकीय चलनाच्या टंचाईमुळें देशाला आपलें सोनें गहाण टाकावें लागलें होतें, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्या काळच्या अर्थखात्याची मनःस्थिति कळून येते. जागतिक बँकेच्या सवलतीच्या निधींतून ८ कोटि ४० लक्ष डॉलरांचें कर्ज मिळालें, आरोग्यखात्याच्या अखत्यारींत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना — जिला सर्वजण ‘नॅको’ म्हणतात — स्थापन झाली, आणि पांच वर्षांचा पहिला टप्पा आंखला गेला. आतां अशी कल्पना होणें साहजिक आहे कीं, दरिद्री देशाला पैसा मिळाला म्हणजे तो खर्च होण्यास वेळ लागत नाहीं. घडलें उलटें. दिल्लीहून निघालेला पैसा राज्यांच्या खजिन्यांत जाऊन पडे, आणि तेथून आरोग्यखात्याच्या हातीं येईपर्यंत त्याला इतक्या मेजांवरून प्रवास करावा लागे कीं वर्ष संपून जाई. पुष्कळ राज्यांना तर हा रोग आपला आहे असेंच वाटत नव्हतें. अखेर पांच वर्षांच्या टप्प्याची मुदत १९९९ च्या मार्चपर्यंत वाढवावी लागली. यांतून वाट काढली ती तामिळनाडूनें. त्या राज्यानें १९९४ सालीं एक स्वतंत्र नोंदणीकृत संस्था स्थापन करून योजनेचा पैसा सरळ तिच्याकडे घेण्याची पद्धति पाडली. वरिष्ठ सरकारी अधिकारीच तिचे चालक. परंतु खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार तिचा तिलाच. ही युक्ति इतकी उपयुक्त ठरली कीं नॅकोनें ती सर्व राज्यांना लागू केली. मुंबई महानगरासाठीं तर राज्याच्या संस्थेहून निराळी अशी संस्था १९९८ सालीं निघाली. आरोग्याच्या इतिहासांत लशींचे व औषधांचे शोध नोंदले जातात. पैसा वेळेवर पोंचविण्याच्या शोधाची नोंद सहसा कोणी घेत नाहीं.

पहिल्या टप्प्याचें सर्वांत भरीव काम रक्तपेढ्यांच्या बाबतींत झालें. त्या काळीं मोठ्या शहरांतून रक्त विकून गुजराण करणाऱ्यांचा एक वर्गच होता, आणि गरजवंत रुग्णाचे आप्त त्याच्याकडे धांव घेत. १९९६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें रक्तपेढ्यांना शिस्त लावण्याचा आदेश दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणें बंद झालें. ज्या मार्गानें रोग निश्चितपणें थांबवितां येतो असा हा एक मार्ग होता, व तो बराचसा बंद करण्यांत आला.

दुसरा मार्ग इतका सरळ नव्हता. हा रोग मुख्यतः शरीरसंबंधांतून पसरतो, आणि ज्या स्त्रीपुरुषांमध्यें तो प्रथम पसरला त्यांच्याशीं सरकारचा संबंध आजवर पोलिसांमार्फतच आलेला होता. एक खातें निरोध वांटी, आणि दुसरें खातें धाड घालतांना तेच निरोध पुरावा म्हणून जप्त करी. ही कोंडी फोडण्याची रीत दाखविली ती कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीनें. अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेचे डॉ. स्मरजित जाना १९९२ सालीं त्या वस्तींत पाहणीसाठीं गेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानीं आलें कीं येथें बाहेरचा उपदेशक निरुपयोगी आहे. त्यांनीं त्या वस्तींतील स्त्रियांनाच शिकवून तयार केलें. पोलिसांची जाच, सावकाराचें कर्ज, मुलांची शाळा हे त्या स्त्रियांच्या दृष्टीनें तांतडीचे प्रश्न होते. ते प्रथम हातीं घेतले, तेव्हां कोठें त्या गिऱ्हाइकाला ‘निरोधाशिवाय नाहीं’ असें बजावण्याइतक्या खंबीर झाल्या. १९९५ सालीं त्यांनीं स्वतःची ‘दुर्बार महिला समन्वय समिति’ स्थापन केली. महाराष्ट्रांत सांगली येथें मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनें याच सुमारास याच दिशेनें काम आरंभिलें, आणि त्यांतून १९९६ सालीं ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ उभी राहिली. योजनेच्या पुढील टप्प्यांत ‘सहकारी शिक्षक’ म्हणून जी पगारी व्यवस्था रूढ झाली तिचें मूळ या वस्त्यांत आहे. ज्यांना समाज रोगाचें कारण समजत होता त्यांच्याच हातीं प्रतिबंधाचें काम द्यावें लागलें, आणि तें त्यांनीं केलें.

मात्र या साऱ्या योजनेंत एक मोठी जागा कोरी होती : ज्यांना रोग झालाच आहे त्यांचें काय? १९९६ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथील परिषदेंत तीन औषधें एकत्र दिल्यास विषाणूची वाढ रोखली जाते हें सिद्ध झालें, आणि श्रीमंत देशांत मृत्यूंची संख्या झपाट्यानें खालीं आली. पण त्या औषधांचा खर्च माणशीं वर्षाला १० ते १५ हजार डॉलर होता. शिवाय हें औषध रोग समूळ घालवीत नाहीं, नुसता दाबून ठेवतें. एकदां सुरू केलें कीं जन्मभर चालवावें लागतें. म्हणजे नवा रुग्ण पत्करणें हें सरकारच्या दृष्टीनें एका वर्षाचा खर्च नव्हे, तर आयुष्यभराचें देणें पत्करणें होतें. योजनाकारांनीं हिशेब मांडला, आणि जगांतील बहुतेक गरीब देशांप्रमाणें भारतानेंहि ठरविलें कीं पैसा प्रतिबंधावर खर्च करावा, उपचाराचें नांव काढूं नये. हा निर्णय निर्दयपणाचा वाटतो, पण त्या किंमतींत दुसरा कोणता घेतां आला असता हें सांगणें कठीण आहे. खरा आक्षेप असा आहे कीं ती किंमत अढळ आहे, असें सर्वांनीं गृहीत धरलें.

ती अढळ नाहीं हें मुंबईंतच सिद्ध झालें. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधी पदार्थावर पेटंट देण्याचें नाकारून, तो बनविण्याच्या कृतीपुरतेंच पेटंट ठेविलें होतें. तेव्हां निराळ्या कृतीनें तेंच औषध बनविण्याची येथें मुभा होती. मुंबईच्या ‘सिप्ला’ या १९३५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें हैदराबादचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्या पद्धतीनें एड्सवरील पहिलें औषध १९९० नंतरच्या दशकांतच स्वस्तांत तयार केलें होतें. परंतु सरकारी योजनेंत उपचारासाठीं रकमच नसल्यामुळें तें घेणारा कोणी नव्हता. पुढें तिन्ही औषधें एकाच गोळींत घालणें तिला शक्य झालें. अन्य देशांत त्या तिहींचीं पेटंटें तीन निरनिराळ्या कंपन्यांकडे असल्यानें अशी गोळी कोणास काढतां येत नव्हती. २००१ च्या फेब्रुवारींत सिप्लाचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनीं जाहीर केलें कीं, फ्रान्समध्यें स्थापन झालेल्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय सेवासंस्थेला हें तिहेरी औषध माणशीं वर्षाला ३५० डॉलरांत देऊं. दिवसाला एक डॉलरहि नाहीं. साऱ्या जगाचा हिशेब त्या एका आंकड्यानें पालटला. २००२ सालीं जागतिक निधि स्थापन झाला, आफ्रिकेंतील राज्यें मुंबईची औषधें मागवूं लागलीं. आणि मुंबईच्या सरकारी रुग्णालयांत? तेथील रुग्णाला तीं मोफत मिळण्याची सोय झाली नव्हती. ज्याला ऐपत असेल त्यानें बाजारांतून घ्यावीं. आफ्रिकेकडे जाणारीं खोकीं ज्या बंदरांतून निघत होतीं, त्याच शहरांत त्या औषधावांचून माणसें मरत होतीं. या तीन वर्षांचें समर्थन करणें औषध महाग होतें त्या काळाच्या समर्थनापेक्षां पुष्कळ कठीण आहे.

२००३ च्या ऑक्टोबरांत, अमेरिकेचे माजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या प्रतिष्ठानानें औषध-कंपन्यांशीं — त्यांत बहुतेक भारतीयच होत्या — बोलणीं करून किंमत वर्षाला १४० डॉलरांच्याहि खालीं आणली. त्यानंतर लौकरच, ३० नोव्हेंबर रोजीं, केंद्रीय आरोग्यमंत्री श्रीमती सुषमा स्वराज यांनीं मोफत औषधाची घोषणा केली, आणि १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी केंद्रांत उपचार सुरू झाला. मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांपैकीं एक होतें. एक लक्ष रुग्णांना औषध देण्याचें उद्दिष्ट ठरल्या मुदतींत गांठलें गेलें नाहीं. औषध होतें, पैसाहि होता. शिकविलेले डॉक्टर, रक्तांतील पेशी मोजण्याचीं यंत्रें व रुग्णाला महिन्यामागून महिना परत आणणारे समुपदेशक कमी होते. पहिलें औषध ज्यांना लागू पडेनासें झालें त्यांच्यासाठीं दुसऱ्या पायरीचा उपचार २००८ सालीं जे. जे. रुग्णालय व मद्रासजवळचें तांबरम् या दोन ठिकाणीं सुरू झाला.

आतां दुसरा आंकडा. एवढ्या काळांत देशांत नेमके रुग्ण किती, याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. गणना होई ती मोठ्या सरकारी रुग्णालयांतील गरोदर स्त्रिया व गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणारे रुग्ण यांच्या रक्तावरून. पुण्यांत १९९२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनीं असें दाखविलें होतें कीं, अशा दवाखान्यांत येणाऱ्या व देहविक्रयाशीं कांहींएक संबंध नसलेल्या स्त्रियांतहि शेंकडा सुमारें १४ जणींना लागण झालेली आहे. हें संशोधन अत्यंत मोलाचें होतें. पतीकडून आलेला रोग घरांत शिरला आहे हें त्यानें उघड केलें. परंतु दवाखान्यांत येणारी स्त्री म्हणजे गांवांतील प्रत्येक स्त्री नव्हे. त्या प्रमाणावरून साऱ्या देशाचा गुणाकार केला म्हणजे उत्तर फुगणारच. तसेंच झालें. २००२ सालीं अमेरिकेच्या गुप्तवार्ता-मंडळानें भाकीत केलें कीं, २०१० पर्यंत भारतांत २ ते अडीच कोटि लोक बाधित होतील. सरकारी अंदाज त्याच्या मानानें फार खालीं, पण तोहि ५२ लक्षांवर गेला होता.

मग २००५–०६ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत प्रथमच घरोघर जाऊन सुमारें एक लक्ष स्त्रीपुरुषांचें रक्त तपासण्यांत आलें. लागणीचें प्रमाण निघालें शेंकडा ०·२८. पाहणीचीं ठिकाणेंहि वाढविलीं गेलीं होतीं. सगळें ताडून पाहून २००७ च्या जुलैंत नवा अंदाज प्रसिद्ध झाला : सुमारें २५ लक्ष. एका रात्रींत देशांतील निम्मे रुग्ण नाहींसे झाले! टीकाकारांना मोठी संधि मिळाली. पैसा उकळण्यासाठींच आंकडे फुगविले, असें कित्येकांनीं म्हटलें. क्षयरोगानें त्याहून किती तरी अधिक माणसें मरत असतां एड्सला एवढें झुकतें माप कां, हा प्रश्न तर त्यापूर्वींपासूनच विचारला जात होता, आणि तो अगदींच गैर नव्हता. परंतु मोजण्याची रीत सदोष होती एवढ्यावरून मोजणाऱ्यांची नियत खोटी होती असें ठरत नाहीं. उलट, ज्या आंकड्यावर आपला पैसा अवलंबून आहे तो आंकडा निम्म्यावर आला हें नॅकोनें स्वतः जाहीर केलें, ही गोष्ट सरकारी खात्यांच्या इतिहासांत विरळाच होय.

तिसरा टप्पा याच सुमारास सुरू झाला. त्याची रकम होती ११,५८५ कोटि रुपये. पहिल्या टप्प्याशीं तिची तुलनाच होऊं शकत नाहीं. तींत सुमारें दोन-तृतीयांश वांटा प्रतिबंधासाठीं राखलेला होता, आणि तो साऱ्या लोकसंख्येवर सारखा न पसरतां ज्यांना धोका अधिक त्या समूहांवर एकवटलेला होता. नव्या गणनेचा हा खरा फायदा. रोग सर्वत्र नाहीं, कांहीं जिल्ह्यांत व कांहीं समूहांत सांठलेला आहे, हें एकदां समजलें म्हणजे फलक व मिरवणुकी यांवरील खर्च कमी करून तो वस्तीवस्तींतील कामावर करतां येतो. गेट्स प्रतिष्ठानानें २००३ पासून सहा राज्यांत ‘अवाहन’ या नांवानें चालविलेलें कामहि टप्प्याटप्प्यानें सरकारकडे सोंपविण्यांत आलें. परकीयांच्या देणगीवर उभें राहिलेलें काम देणगी संपतांच ओस पडतें, असा सर्वत्र अनुभव असतांना येथें तें बऱ्याच अंशीं टिकून राहिलें, हें नमूद केलें पाहिजे.

उपचार कीं प्रतिबंध हा जुना वाद २०११ सालीं निराळ्याच रीतीनें मिटला. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका प्रयोगांत — पुणें व मद्रास येथील केंद्रें त्यांत होतीं — असें आढळलें कीं, बाधित व्यक्तीला लौकर औषध दिलें तर तिच्याकडून जोडीदाराला होणारी लागण शेंकडा ९६ नें कमी होते. म्हणजे ज्या दोन खात्यांत इतकीं वर्षें पैशासाठीं ओढाताण चालली होती तीं एकाच खात्याचीं दोन पानें निघालीं. २०१७ सालीं भारतानें, लागण आढळली कीं लगेच औषध, हें धोरण स्वीकारलें. त्याच वर्षीं संसदेनें एड्ससंबंधीं कायदा केला, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलांत आला. संमतीवांचून तपासणी करणें, रुग्णाचें नांव फोडणें, नोकरींत वा शाळेंत त्याला दूर लोटणें हें आतां बेकायदेशीर आहे. म्हापशाच्या त्या इमारतीपासून येथवर येण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं.

मधल्या काळांत जुनी दुखणीं उलटलीं नाहींत असें नाहीं. २०१४ सालीं योजनेचा पैसा संस्थांकडे सरळ न देतां पुन्हां राज्यांच्या खजिन्यांमार्फत देण्याचें ठरलें, आणि वीस वर्षांपूर्वींची दिरंगाई जशीच्या तशी परत आली. कित्येक ठिकाणीं कामगारांचे पगार थकले, निरोधांचा तुटवडा पडला. तामिळनाडूनें १९९४ सालीं शिकविलेला धडा दिल्लींतील कोणाच्या तरी मेजावरून खालीं पडला असावा.

पांचवा टप्पा २०२१ ते २०२६ या काळासाठीं १५,४७१·९४ कोटि रुपयांचा मंजूर झाला, आणि तो सर्व पैसा केंद्र सरकारच्या स्वतःच्या तिजोरींतला. पहिल्या टप्प्याचें कर्ज आठवलें म्हणजे हा फरक लक्षांत येतो. आणि २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेनें परदेशांस देण्याची मदत एकाएकीं थांबविली तेव्हां आफ्रिकेंतील कित्येक दवाखान्यांची जी गाळण उडाली ती पाहतां तो अधिकच लक्षांत येतो. २०२३ च्या अंदाजाप्रमाणें देशांत बाधितांची संख्या सुमारें २५ लक्ष, प्रौढांतील प्रमाण शेंकडा ०·२०. संख्या २००७ सालीं होती तेवढीच दिसते. पण त्या वेळीं ती मरत्या माणसांची संख्या होती, आतां ती बव्हंशीं औषध घेऊन जगणाऱ्यांची आहे. रोगाचा मुक्काम मात्र हलला आहे. एके काळीं नकाशावर महाराष्ट्र, तामिळनाडू हे प्रांत गडद रंगवीत. आतां प्रमाण सर्वांत अधिक आहे तें मिझोराममध्यें, शेंकडा अडीचच्याहि वर, आणि तेथें शिरेंतून मादक द्रव्यें टोंचून घेणारीं तरुण मुलें हा चिंतेचा मोठा विषय आहे. त्या डोंगराळ प्रदेशांत मुंबईची वा सोनागाछीची रीत जशीच्या तशी चालत नाहीं. स्वच्छ सुया व व्यसन सोडविणारें औषध हातीं घेऊन तेथील तरुणांपैकींच कोणी तरी त्या मुलांपर्यंत जावें लागतें, आणि तीं मुलें अजूनहि पोलिसांना भिऊन लपतात.